तब्येत कशी आहे म्हणून विचारतो तेव्हा

आमच्या गोव्यात फोंड्याकडे म्हाताऱ्या माणसाला तब्येत विचारली की उत्तरं साधारण ठरलेली. एकजण म्हणणार "बरें आसा, देवाची कृपा" आणि मग तासभर गुडघ्याचं पुराण लावणार. दुसरी म्हणणार "आमचें कितें आतां", आणि थोड्या वेळाने बघावं तर बाई कुळागरात सुपाऱ्या वेचतायत. तिसऱ्या घरात ज्यांना विचारलं ते नुसते हसतात, उत्तर सून देते, "बरे आहेत हो, जरा विसरतात, वयच झालंय ना." आपण मान डोलावतो, चहा येतो, विषय रस्त्यातल्या खड्ड्यांवर जातो. ते उत्तर कोणी मनावर घेत नाही, विचारणारा पण नाही आणि देणारा पण नाही.

माझं आपलं मत असं होत चाललंय की ते मनावर घ्यायला पाहिजे. आणि हे मी कुठल्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून नाही म्हणत. आरोग्याचे मोठमोठे सर्व्हे जगभर होतात त्यात रक्त, बीपी, वजन सगळं मोजतात, आणि त्याच्या बरोबर एक साधा प्रश्न हमखास असतो, एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे असं तुम्हाला वाटतं? उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, ठीकठाक, की वाईट? पाचातला एक पर्याय सांगायचा, बस. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण शीत बऱ्यापैकी खरं बोलतं असं निघालं. १९८२ मध्ये मॉसी आणि शपिरो या दोघींनी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या ६५ च्या पुढच्या लोकांचा अभ्यास छापला, त्यात ज्यांनी स्वतःची तब्येत "वाईट" सांगितली होती त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका "उत्कृष्ट" म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. आता तुम्ही म्हणाल त्यात काय, आजारी माणूस वाईटच म्हणणार. पण त्यांनी वय, बाई की पुरुष, दवाखान्याच्या नोंदींतली प्रत्यक्ष तब्येत हे सगळं हिशेबात धरून मग हा आकडा काढला होता. पुढे १९९७ मध्ये आयडलर आणि बेन्यामिनी यांनी असे २७ अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, बहुतेकांत तेच. म्हणजे डॉक्टरच्या फाइलमध्ये जे नाही असं काहीतरी त्या माणसाच्या उत्तरात असतं.

हे झालं जगण्यामरण्याचं. मला जास्त खुपलं ते डोक्याचं, म्हणजे स्मरणशक्तीचं. फ्रान्समध्ये बोर्दो, दिजाँ आणि माँपेलिये या तीन शहरांत ६५ वरच्या आठ हजारांहून जास्त लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं, सुरुवातीला कोणालाच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, नव्हता. २०११ मध्ये त्याचा जो निष्कर्ष आला त्यात तब्येत "वाईट" म्हणणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया व्हायचा धोका "चांगली" म्हणणाऱ्यांपेक्षा साधारण ७० टक्क्यांनी जास्त होता, आणि "ठीकठाक" म्हणणाऱ्यांनासुद्धा तिसऱ्या हिश्श्याएवढा जास्त. (७० टक्के ऐकून घाबरायचं नाही, समजा शंभरात दहा जणांना होणार असेल तर तिथे सतरा, असं ते गणित आहे, शंभरातल्या सत्तर जणांना असं नाही. पेपरवाले हेडिंगमध्ये हा घोळ नेहमी घालतात.) पण त्यातली खरी गोम पुढे आहे. ज्यांनी विसरण्याची काही तक्रारच केली नव्हती, त्यांच्यात हा संबंध उलट जास्त घट्ट दिसला. मला काही आठवत नाही असं ते म्हणत नव्हते, नुसतं म्हणत होते की तब्येत बरी नाही वाटत.

आता हे का होत असेल? याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत आणि सगळी एकाच दिशेने पण जात नाहीत. एक तर माणसाला स्वतःच्या शरीराची जी जाणीव असते, थकवा, झोप, भूक, पायऱ्या चढताना लागणारी धाप, ती कुठल्याच रिपोर्टमध्ये उतरत नाही पण उत्तरात उतरते. बीपी, शुगर, हृदय यांचं जे बिनसतं तेच पुढे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं बिनसवतं, तेव्हा आज "बरं वाटत नाही" आणि उद्या विसरणं याचं मूळ एकच असू शकतं. दुसरं, ज्याला आपण आता काही कामाचे नाही असं वाटतं तो देवळात जायचं सोडतो, भजनाला जायचं सोडतो, बाजार सोडतो, मग बोलणं कमी, चालणं कमी, डोक्याला खाद्य कमी. तिसरं म्हणजे मन. म्हातारपणातलं डिप्रेशन आपल्याकडे कोणी डिप्रेशन म्हणून ओळखतच नाही, ते "तब्येत बरी नाही" या तीन शब्दांत लपून राहतं, आणि डिप्रेशन हा पुढच्या डिमेन्शियाचा एक धोका म्हणून मानला जातो. आणि चौथं जरा उलटं आहे, अल्झायमरमध्ये (तो डिमेन्शियाचाच एक प्रकार) मेंदूतले बदल लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधी सुरू झालेले असतात, म्हणजे "मला बरं वाटत नाही" हे कारण नसून आत सुरू झालेल्या गोष्टीची पहिली चाहूल पण असू शकते. कुठलं आधी कुठलं नंतर हे एका माणसाकडे बघून कोणालाच सांगता येत नाही.

बरं, माणसं उत्तर देतात ते कोणाशी तुलना करून देतात हा एक आणखी घोळ. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं होतं, केरळमधली माणसं भारतात जास्त जगणाऱ्यांतली आणि तरी आजाराच्या तक्रारी सांगण्यात पण तीच पुढे, आणि बिहारमध्ये आयुर्मान कमी तरी तक्रारी पण कमी. कारण शिकलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या माणसाला काय बिघडलंय ते कळतं आणि काय बरं होऊ शकतं तेही कळतं. ज्याने कधी बरं वाटणं बघितलंच नाही तो तक्रार कशाची करणार? आता गोवा या बाबतीत बिहारच्या नाही, केरळच्या बाजूचा. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढचे ११ टक्क्यांच्या वर होते, देशात तेव्हा साडेआठच्या आसपास. गावाच्या आसपास कुठेतरी हेल्थ सेंटर, नाहीतर बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहेच. तेव्हा आपले म्हातारे कुरकुरतात असं म्हणण्याआधी ती कुरकुर करायला त्यांना ज्ञान मिळालंय असंही म्हणता येईल की.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर चवथीच्या आदल्या संध्याकाळचं सांगते. सावईला आत्याच्या घरी माटोळी बांधायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातली फळं बांधतात ती माटोळी, नारळाची पेंड आणि सुपारीचं शिपटं (दोन्ही म्हणजे घोसच), केळ्यांचा घड, तोरिंग, आंबाडे, तवसं, चिबूड, लालभडक कवंडळं, आणि काय काय. आत्या वसरीवर बसलेली, पाय सुजलेले म्हणून एक पाय स्टुलावर. आत्येभाऊ स्टुलावर चढायला बघतो तर स्टूल तिच्या पायाखाली, तो मोकळा व्हायची वाट बघत सगळे उभे. सकाळपासून तिचं एकच चाललेलं, "माझें डोकें गेलें गो बाय, म्हाका कांय याद उरना." आणि हे म्हणता म्हणता खालून हुकूम चालू, शिपटं मधे नको, डाव्या अंगाला घाल, तोरिंगाचा देठ ठेवून कापलंय ना, कवंडळं देवळाच्या मागच्या डोंगरावर अजून असतील, गेल्या वर्षी आणलेली फुटकी होती, कोणी आणली होती तेही तिला पाठ. एक गोष्ट चुकली नाही.

तिथेच तिचे दीर बसलेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. मराठी शाळेत मास्तर होते, जत्रेतल्या नाटकात भूमिका करायचे, आवाज अजून खणखणीत. त्यांना विचारलं "काका, तब्येत कशी?" तर म्हणाले "फस्क्लास! मला काय धाड भरलीय?" आणि मग विचारलं, शिपटं आणलं काय रे? आणलं काका, हे काय बांधलं. थोड्या वेळाने परत, शिपटं आणलं काय? पोरांनी एकमेकांकडे बघून हसू दाबलं. काका सुंभ हातात घेऊन नारळाला गाठ मारायला लागले, जी गाठ त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलेली, आणि अर्ध्यावर थांबून सुंभाच्या दोन टोकांकडे बघत राहिले. मग काकींनी पटकन हातातून सुंभ घेतलं, "सरा, तुमचा हात दुखतो ना." त्यांचा हात दुखत नव्हता.

आता या दोघांना तो सर्व्हेचा प्रश्न विचारला असता तर आत्याने "वाईट" सांगितलं असतं आणि काकांनी "उत्कृष्ट". दोन्ही उत्तरं खरीच, पण दोन वेगळ्या तऱ्हेने खरी. डिमेन्शिया जसा वाढतो तशी स्वतःत काय कमी झालंय ते जाणवण्याची शक्तीच बऱ्याच जणांत कमी होते, माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच दिसत नसतं. म्हणून विसरण्याची सारखी तक्रार करणाऱ्यापेक्षा, घरातल्यांना दिसतंय आणि त्याला स्वतःला नाही, अशा माणसाबद्दल डॉक्टर जास्त सावध होतात, आणि म्हणून मेमरी क्लिनिकमध्ये घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात. आत्याच्या तक्रारीचं मोल कमी आहे असं नाही हं. उलट तिचीच तक्रार अशी की जिच्यावर काही करता येतं. पण आमच्या घरात काय झालं, तर आत्या कुरकुरते म्हणून तिला दोन-तीन डॉक्टर दाखवून झाले, आणि काका हसतात म्हणून त्यांना कोणी कुठे नेलंच नाही.

न नेण्याचं कारण निष्काळजीपणा नाही, मला वाटतं ती लाज आहे. गोव्यात यावर झालेलं काम बघण्यासारखं आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारातल्या संशोधकांनी इथल्याच लोकांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं, की म्हातारपणी विसरणं, भ्रमल्यासारखं वागणं हे लोकांना ओळखीचं असतं, पण त्याला आजार म्हणून कोणी बघत नाही, एक तर वय झालं म्हणतात, नाहीतर मुलांनी नीट बघितलं नाही, प्रेम दिलं नाही म्हणून असं झालं म्हणतात. झालं! जिथे म्हाताऱ्याच्या विसरण्याचा दोष घरातल्या बाईच्या खात्यावर मांडला जातो तिथे ती बाई कशाला बोलेल? ती सुंभ काढून घेणार आणि हात दुखतो म्हणणार. काकींनी आयुष्यभर एवढं सांभाळून घेतलंय की आता त्या सांभाळून घेण्यातच आजार झाकला गेलाय.

याच गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे डिमेन्शिया असलेल्या घरांसाठी एक प्रयोग केला, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. ८१ कुटुंबं होती. गावातल्याच साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन घरी पाठवायचं, हा आजार म्हणजे काय, रागावून उपयोग का नाही, आंघोळ-जेवण कसं सांभाळायचं हे बसून सांगायचं, लागलं तर डॉक्टर. मोठं मशीन नाही की महागडं औषध नाही. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. मला यातलं आवडतं ते हे की त्यांनी सांभाळणाऱ्या बाईकडे आधी बघितलं, कारण बहुतेक घरात ती बाईच असते. काकींना "तुझी तब्येत कशी" म्हणून कोणी विचारलंय का असं मी आठवून बघितलं आणि गप्प बसले.

परत आपल्या प्रश्नाकडे. भारतात "लासी" नावाचा मोठा अभ्यास चालतो, ४५ वर्षांच्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा, पहिली फेरी २०१७-१८ ला सुरू झाली. त्यात तब्येत कशी वाटते हे विचारतात आणि स्मरणशक्ती पण तपासतात, म्हणजे दहा शब्द वाचून दाखवायचे, लगेच आठवायला सांगायचे, मग थोड्या वेळाने परत. त्याच्याच एका जोडअभ्यासातून देशात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज आलाय. या चाचण्यांचं पण एक आहे, आत्याला आजची तारीख विचारा, नाही सांगणार, पण एकादशी परवा की तेरवा ते विचारा. शाळा न शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगायला लावणारी चाचणी काय कामाची, म्हणून आपल्याकडे हरयाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात हिंदीत वेगळी चाचणी बनवली होती, कमी शिकलेल्यांना झेपेल अशी. ते बरं केलं.

मग करायचं काय, तर "पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला मला ऐकवू नका. त्यामागे पण खरा अभ्यास आहे, मान्य. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये दाखवलं की ओहायोतल्या ६६० लोकांत ज्यांचा स्वतःच्या म्हातारपणाकडे बघायचा दृष्टिकोन चांगला होता ते साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. पण याचा अर्थ सुजलेल्या पायाच्या बाईला "आत्या, हस की जरा" असं सांगायचं असा होत नाही. तिला बरं वाटत नाही म्हणते तर का वाटत नाही ते बघायचं. थायरॉइड, बी-१२, झोप, कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडतेय, आणि मन. यातल्या बऱ्याच गोष्टींनी डोकं मंद झाल्यासारखं वाटतं आणि त्या दुरुस्त होतात. लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या कमिशनने २०२४ मध्ये १४ कारणं दिलीयत, त्यांच्यावर आयुष्यभर नीट काम केलं तर जगातले जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशेब आहे. बीपी, शुगर, दारू-तंबाखू, डिप्रेशन, एकटेपणा, नजर, कोलेस्टेरॉल. आणि वजनदार कारणांत आहे बहिरेपण.

कान! आत्या विसरत नव्हती, तिला अर्धं ऐकूच येत नव्हतं. आम्ही सांगायचो, ती हो म्हणायची, आणि मग दुसऱ्या दिवशी "मला सांगितलंच नाही" म्हणायची, आणि मग आम्ही म्हणायचो बघ विसरली, आणि तिलाही ते पटत गेलं. हे लक्षात आलं ते आत्येभावाच्या मुलीच्या, टीव्हीचा आवाज एवढा का म्हणून तिने भांडण काढलं तेव्हा.

मी आता विचारायची पद्धत जरा बदललीय. "कशी आहेस" नाही विचारत, "गेल्या चवथीपेक्षा कशी आहेस?" असं विचारते, म्हणजे शेजारणीशी तुलना नको, स्वतःशीच होऊ दे. त्यावर उत्तर विचार करून येतं. "गेल्या वर्षी मी देवळापर्यंत चालत गेले होते गो, औंदा रिक्षा." हे कळलं की पुढचं विचारता येतं, पाय म्हणून की धाप म्हणून की जावंसंच वाटलं नाही? तिघांचे डॉक्टर वेगळे. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला वेगळं गाठून तेच विचारायचं, दोन उत्तरांत फार अंतर पडलं तर त्या अंतराकडे बघायचं.

काकांना शेवटी त्यांच्या मुलाने नेलं. बीपीची तपासणी म्हणून नेलं, हे सोपं पडलं. डॉक्टरबाबनी तब्येत विचारली, काका म्हणाले फस्क्लास, आणि नाटकातलं एक स्वगत म्हणून दाखवलं, एक अक्षर न चुकता, आणि मग आज कुठला महिना ते सांगता आलं नाही. जुनं पाठांतर बरेचदा खूप उशिरापर्यंत टिकतं म्हणून तर इतकी वर्षं आम्हाला कळलं नाही. आता स्कॅन झालंय, औषध सुरू आहे, ते बरं करणारं औषध नाही हे मुलाला नीट सांगितलंय. काकी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणाल्या की दोन वर्षं हे असं चाललंय. घरात कोणी त्यांना काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

आत्याच्या कानाचं मशीन आलंय. ऑडिओलॉजिस्टने तिला समजावलं की पहिले काही आठवडे सगळे आवाज कर्कश वाटतील, पण रोज लावायचं, मेंदूला परत सवय व्हावी लागते, कपाटात ठेवून उपयोग नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मशीन लावूनच ऐकलं, आणि म्हणाली, चवथीला लावीन, सगळी येतात तेव्हा. एरवी या घरात मला ऐकण्यासारखं कोण काय बोलतं?